साहेब, तुम्हीही बसा

कार्यशाळेच्या दिवशी माझ्या गाडीच्या डिकीत दोन पेट्या असतात. एकीत लेगोचे ठोकळे. दुसरीत सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचं भेंडोळं, कात्री, सुतळी आणि काडेपेटीच्या काड्या. कारखान्याच्या गेटवर पहिल्या पेटीला कुणी काही म्हणत नाही, दुसरीवर मात्र अडकायला होतं. आत काडेपेटी न्यायला बंदी असते. म्हणून काड्यांचे गुल मी घरीच खुडून ठेवते. तरीही सिक्युरिटीवाले दादा एकेक पुडकं उघडून बघतात आणि रजिस्टरमध्ये ‘लाकडी काड्या, ट्रेनिंगसाठी’ असं लिहून माझी सही घेतात. त्यांचं काही चुकत नाही. मीही बरीच वर्षं क्वालिटीत काढली आहेत. संशय घेणं हेच तिथलं काम.

चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने आहेत. तिथल्या एचआरचे फोन येतात ते साधारण एकाच सुरात. ‘मॅडम, टीम बिल्डिंगचं काहीतरी करा ना. मागच्या वर्षी लोणावळ्याला नेलं होतं सगळ्यांना, दोरीवरून चालायला लावलं, एकाचा पाय मुरगळला.’ आमचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, असं यातला कुणी सरळ सांगत नाही. प्रॉडक्शनवाले क्वालिटीवर खार खाऊन असतात, मेंटेनन्सला वाटतं आपल्याला फक्त बिघाड झाल्यावर हाक मारतात, डिझाइनवाले खाली उतरतच नाहीत, आणि कंत्राटी मुलांना कुणी काही विचारतच नाही. हे सगळं एका दिवसात खेळून सुटेल, असं कुणाला वाटत असेल तर मी आधीच नाही म्हणते. पण यातलं काय काय टेबलावर येऊ शकतं, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे.

सुरुवात बदकापासून होते. प्रत्येकाला सारखेच सहा ठोकळे द्यायचे आणि एका मिनिटात बदक करायला सांगायचं. खोलीत आधी शांतता, मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘ड्रॉइंग कुठंय?’ या माणसांचं आयुष्य ड्रॉइंगवर चालतं. भोक दोन दशांश मिलिमीटर सरकलं तर जॉब रिजेक्ट, हे ज्यांच्या हाडीमासी खिळलं आहे त्यांना ‘तुम्हाला वाटेल तसं करा’ हे वाक्य जवळजवळ घाबरवणारं असतं. मिनिट संपतं आणि टेबलावर वीस जणांची वीस बदकं उभी असतात. एकाचं पोहतंय, एकाची मान मोडल्यासारखी, एक नुसतंच चोचीचं. गणितानेही या गोष्टीला दुजोरा दिला आहे. आठ खुंट्यांचे, एकाच आकाराचे आणि रंगाचे सहा ठोकळे किती तऱ्हांनी जोडता येतात, हे कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकावर मोजलं, तेव्हा उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. हा आकडा सांगितला की इंजिनीअर मंडळी लगेच कागदावर आकडेमोड करायला घेतात, आणि ऑपरेटर म्हणतात, ‘म्हणजे माझंबी बरोबरच की.’ मला तेवढंच हवं असतं.

मग खरं काम. जॉब तुमच्याकडे कुठून येतो, तुमच्याकडून कुठे जातो आणि या वाटेवर तुम्हाला अडतं कुठे, ते बांधा. बोलायचं नाही, लिहायचं नाही, आधी बांधायचं. नियम थोडे आणि कडक. टेबलाशी बसलेला प्रत्येक जण बांधणार. प्रत्येक जण आपापल्या मॉडेलबद्दल सांगणार. आणि प्रश्न विचारायचा तो मॉडेलला, माणसाला नाही. ‘तुम्ही असं का करता?’ असं विचारायचं नाही. ‘ही लाल भिंत इथे का आहे?’ असं विचारायचं. सारा जीव या तिसऱ्या नियमात आहे. मीटिंगमध्ये बोट माणसाकडे जातं, आणि ज्याच्याकडे बोट गेलं तो उत्तर शोधायच्या आधी ढाल शोधतो. इथे बोट भिंतीकडे जातं. ज्याने भिंत बांधली, तोही तिच्याकडे जरा लांबून बघतो. नजर टेबलावर असते, साहेबांच्या चेहऱ्यावर नाही. आणि हाताला चाळा असला की जीभ जरा सैल सुटते, हे आपल्याकडे शेंगा सोलत बसलेल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

एका कारखान्यात अंतिम तपासणीवर बसणाऱ्या मुलीने उंच मनोरा बांधला होता, वर पारदर्शक ठोकळ्याची खिडकी. ती म्हणाली, ‘मी इथे बसते. मला सगळं दिसतं. पण खाली उतरायला जिनाच नाही.’ तिच्या शेजारी वेल्डिंग लाइनवरचे एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी तो मनोरा हातात न घेता वाकून, चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, ‘जिना आम्ही लावू. पण वर दार कुठंय?’ सगळे हसले, ती मुलगीही हसली. हसू ओसरल्यावर जी चर्चा झाली ती त्या कारखान्यात कुठल्याच मीटिंगमध्ये झाली नव्हती. झालं होतं असं की रेड बिनमध्ये पडलेल्या जॉबचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनवर यायचा. तोवर शिफ्ट बदललेली. ज्याने वेल्ड मारला तो घरी झोपलेला, आणि बोलणी खाणारा भलताच. क्वालिटीला वाटायचं, आपण सांगतो पण लाइनवाले ऐकत नाहीत. लाइनला वाटायचं, हे मुद्दाम उशिरा सांगतात. पुढे त्यांनी एवढंच ठरवलं की शिफ्ट संपायच्या आधी रिजेक्ट झालेला एक तरी जॉब हातात घेऊन तपासणीवरच्या माणसाने लाइनवर जायचं आणि ज्याने तो केला त्यालाच दाखवायचा. दाखवायचा, ओरडायचं नाही. यासाठी लेगो कशाला हवा, असं कुणी विचारेल. बरोबर आहे, नकोच. पण ही साधी गोष्ट त्यांच्यातल्या कुणी आधी बोलून दाखवली नव्हती, हेही तितकंच खरं.

दुसरा प्रसंग याहून छोटा आहे. सगळ्यांनी मिळून एका मोठ्या हिरव्या पाटीवर आपला विभाग उभा केला होता, प्रत्येकासाठी एकेक पिवळा ठोकळा. एका कंत्राटी मुलाने आपला ठोकळा पाटीच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर ठेवला. कुणाला वाटलं पडला, म्हणून त्याने तो उचलून आत लावला. मुलाने तो काढून पुन्हा बाहेर ठेवला. काही न बोलता. मग प्लँट हेडने विचारलं, ‘हा ठोकळा बाहेर का आहे?’ ठोकळ्यालाच विचारलं, नियमाप्रमाणे. मुलगा म्हणाला, ‘सर, त्याचा पास रोज संध्याकाळी गेटवर जमा होतो.’ बाकी काही नाही. प्लँट हेडनेही त्यावर भाषण केलं नाही, ही त्या माणसाची जाण. शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं उभ्याने जी बैठक होते, तिच्यात तोवर कायम कामगारांनाच बोलावत असत. पुढच्या आठवड्यापासून कंत्राटी मुलंही त्यात उभी राहू लागली. पास अजून गेटवरच जमा होतो. तो कायद्याचा आणि कंत्राटदाराचा विषय आहे, ठोकळ्यांनी सुटणारा नाही.

ही पद्धत माझी नाही. डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीचे त्या वेळचे प्रमुख, संस्थापकांचे नातू केल्ड किर्क क्रिस्टियनसन, १९९०च्या दशकाच्या मध्यावर स्वतःच्याच कंपनीतल्या नियोजनाच्या बैठकांना वैतागले होते. आपण जगाला कल्पनाशक्तीचं खेळणं विकतो आणि आपल्याच बैठका कल्पनाशून्य, अशी त्यांची तक्रार. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या व्यवस्थापन संस्थेतले योहान रूस आणि बार्ट व्हिक्टर हे दोन प्राध्यापक याच विचारात होते. तिघांनी डोकी एकत्र केली, कंपनीतल्या रॉबर्ट रासमुसेन यांनी त्याला शिस्तीत बसवलं, आणि ‘लेगो सीरियस प्ले’ या नावाने ते बाजारात आलं. २०१०मध्ये कंपनीने त्याचा मूळ ढाचा सगळ्यांसाठी खुला केला. आमच्यासारख्यांच्या हाती तो आला तो त्यामुळे. त्याच्या मुळाशी सीमोर पेपर्ट यांचा विचार आहे. पेपर्ट जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याकडे राहून शिकलेले, पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले. पियाजेंचं म्हणणं होतं की मूल ज्ञान घेत नाही, ते आपल्या मनात उभारतं. पेपर्ट त्यात भर घालतात की बाहेर, हाताने काहीतरी बांधत असताना ही आतली उभारणी सगळ्यात चांगली होते.

यात आपल्याला नवल वाटायचं काय कारण, असं मला नेहमी वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या काढल्या तेव्हा परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हेच साधन केलं. आणि माझ्या दुसऱ्या पेटीचा उगम तर भारतातलाच आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून शिकून पुण्यात टेल्कोत ट्रकच्या कामावर होते. १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात गेले आणि तिथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी करता करता काडी आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांचं लग्न लावून दिलं. पुढे पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी वर्षानुवर्षं मुलांकडून हे करून घेतलं. ट्रकच्या कारखान्यातून निघालेली ती काडी मी परत कारखान्यात घेऊन जाते, याची मला जरा गंमत वाटते.

काड्यांचा खेळ असा. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन टोकांत दोन काड्या खोचल्या की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन केला की तो ढकलताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. छपराची कैची, क्रेनचा हात, विजेचे टॉवर त्रिकोणांनीच का भरलेले असतात, हे ज्याला आयटीआयमध्ये फळ्यावर कळलं नव्हतं त्याला दोन बोटांत कळतं. शिकण्याचा भाग हा. पण मला तो दुसऱ्या कामासाठी लागतो. दोघांना पाठीला पाठ लावून बसवते. एकाच्या हातात तयार मॉडेल, दुसऱ्याच्या हातात सुट्या काड्या. पहिल्याने फक्त बोलायचं, दुसऱ्याने ऐकून बांधायचं. शक्य तिथे पहिला डिझाइनचा इंजिनीअर आणि दुसरा टूल रूमचा फिटर घेते, आणि मग जागा उलट करते.

‘आता उजवीकडे एक काडी लाव.’

‘माझ्या का तुमच्या?’

‘उजवीकडे म्हणजे… खिडकीकडे.’

‘खिडकी माझ्या पाठीमागं आहे, सर.’

इंजिनीअर दोन मिनिटांत घामाघूम होतो. मग फिटर सांगायला बसतो. त्याने आधी काय सांगितलं तर ‘काड्या मोजा, तेरा आहेत का? आता खालचा चौकोन गुण्यात लावा, झाला की हो म्हणा.’ प्रत्येक पायरीला तो ‘झालं का?’ विचारत होता आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नव्हता. तो रोज हेल्परबरोबर काम करतो, त्याला हे ठाऊकच. त्या दिवशी इंजिनीअरने फिटरला जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून गाठून विचारलं की आमच्या ड्रॉइंगमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त कुठे अडतं. उत्तर मी ऐकलं नाही; मी डबा खात होते.

बटाट्याचाही एक खेळ आहे. मूळ खेळ पीटर स्किलमन यांचा, टॉम वूजेक यांनी जगभर पोहोचवलेला: २० कच्च्या स्पॅगेटी, थोडी दोरी, थोडी चिकटपट्टी, १८ मिनिटं, सगळ्यात उंच मनोरा उभारायचा आणि टोकावर मार्शमेलो ठेवायचं. मी खराट्याचे हीर आणि लहान बटाटा घेते. वूजेक सांगतात की व्यवस्थापन शिकलेले पदवीधर यात वाईट हरतात आणि बालवाडीतली मुलं त्यांना मागे टाकतात. पदवीधर आधी पुढारी कोण ते ठरवतात, मग आराखडा, मग बांधणी, आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो वर ठेवतात, मनोरा वाकतो. मुलं पहिल्यापासूनच मार्शमेलो वर ठेवून बघत बघत बांधतात. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त आवडतं: कंपन्यांचे बडे अधिकारी एकटे असतात त्यापेक्षा त्यांच्या चमूत त्यांचा कार्यालयीन सहायक असला की मनोरा उंच होतो, कारण कोण काय करतंय आणि वेळ किती उरला याचं भान त्या एकालाच असतं. आपल्याकडे या माणसाला खेळायलाही बोलावत नाहीत. तो चहाची व्यवस्था बघत असतो.

विश्वास या शब्दाचा कार्यशाळांमध्ये फार चोथा झाला आहे, म्हणून मी तो टाळते. त्याऐवजी ‘निअर मिस’चं रजिस्टर मागते. अपघात होता होता टळला की त्याची नोंद करायची वही. क्वालिटीत असताना मला कोऱ्या वहीची भीती वाटायची. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या चमूंच्या हातून चुका कमी होत असणार, हा अंदाज. आकडे उलटे आले: जिथे माणसं एकमेकांबरोबर चांगलं काम करत होती, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. चुका जास्त होत होत्या असं नव्हे. तिथे त्या सांगायला माणसं भीत नव्हती. कारखान्यालाही हे जसंच्या तसं लागू आहे. प्रेसचा सेन्सर मधूनच दगा देतो हे ऑपरेटरला सगळ्यात आधी माहीत असतं. तो सांगतो की गप्प बसतो, यावर कुणाची तरी बोटं अवलंबून असतात. प्रेस शॉपमध्ये मी बारीक ठोकळे नेत नाही, मोठेच नेते. तिथले काही हात पाहिले की कारण सांगावं लागत नाही.

आता खेळाचं कौतुक पुरे. खेळ म्हणजे आपोआप समता आली, असं समजायचं काही कारण नाही. दिवाळीत सोसायटीत किल्ला बांधलेला प्रत्येक जण हे जाणतो. बुरूज कुठे, महादरवाजा कुठे, महाराजांचं सिंहासन कुठे, हे थोरल्या मुलांनी ठरवायचं. धाकट्यांनी घमेल्यातून माती आणायची, पोती भिजवायची आणि अळीव पेरायचे. मातीत हात सगळ्यांचे, किल्ला दोघांचाच. मोठ्यांच्या टेबलावरही हेच होतं, जर होऊ दिलं तर. म्हणून आधी सगळ्यात कनिष्ठ माणसाने सांगायचं, साहेबांनी सगळ्यांत शेवटी. दुसऱ्याच्या मॉडेलचा अर्थ तिसऱ्याने सांगायचा नाही. मॅनेजर मंडळींना ही खोड जबर असते, ‘याला म्हणायचंय काय की…’ त्यांना तिथेच थांबवावं लागतं. सर्वोत्तम मॉडेलला बक्षीस नाही, एचआरने कितीही आग्रह केला तरी नाही. मॉडेलचे फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि ते अप्रेझलच्या फाइलीत तर कधीच नाही.

पण या सगळ्या नियमांवर बोळा फिरवायला एक माणूस पुरतो. तो उभा असतो. हातात फोन, पाठ भिंतीला, चेहऱ्यावर कौतुकाचं हसू. ‘तुमचं चालू द्या, मी नुसतं बघतोय.’ एकदा असे एक साहेब तासभर उभे होते. त्या तासात टेबलावर जे बांधलं गेलं ते सगळं सुंदर होतं: फुलं, झेंडे, उगवता सूर्य, एकमेकांचे हात धरलेली माणसं. एकही भिंत नाही, कुठे अडलेलं चाक नाही. बघणारा वर असला की माणसं स्वागतकमानी बांधतात. साहेब चहाला बाहेर गेले आणि एका सुपरवायझरने आपला सूर्य मोडून त्याचे ठोकळे परत राशीत टाकले. तेव्हापासून माझी अट एकच, आणि ती मी फोनवरच सांगते. साहेब बसणार असतील तर येते. टेबलाशी, सगळ्यांसारख्याच खुर्चीवर, आणि त्यांच्याही हातात ठोकळे. त्यांना बदक जमलं नाही तर उत्तमच.

बसलेले साहेब काय करू शकतात, तेही पाहिलं आहे. एकांनी स्वतःचं मॉडेल बांधलं: एक लांबच लांब शिडी, तिच्या टोकावर एकटा ठोकळा आणि शिडीच्या वरच्या चार पायऱ्या गायब. ते म्हणाले, ‘खालून वर काही येतच नाही माझ्यापर्यंत. सगळं ओके आहे, एवढंच येतं.’ टेबलावर कुणी बोललं नाही. मग स्टोअर्सच्या एका क्लार्कने हळूच विचारलं, ‘सर, त्या पायऱ्या कुणी काढल्या?’ प्रश्न शिडीला होता. साहेबांनी बराच वेळ शिडीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘दोन मी काढल्यात.’ त्या दुपारी बाकीच्यांनी जेवढं मोकळेपणाने सांगितलं, तेवढं मी दुसरीकडे क्वचित ऐकलं.

तेव्हा माझ्यासारख्या कुणाला बोलावायच्या विचारात असाल तर काही गोष्टी आधी ठरवा. महागडी पेटी विकत घेऊ नका. काड्या, ट्यूब, हीर, सुतळी यांवर पहिली दुपार सहज निभते. शनिवारी ठेवू नका, माणसं सुट्टी गेल्याच्या रागात येतात. कंत्राटी मुलांना, हाउसकीपिंगच्या बायकांना, चहा देणाऱ्याला वगळू नका. टेबलावर जे निघेल त्यातली एक तरी गोष्ट आठवड्याच्या आत बदलायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला त्याच टेबलाशी बसवा. आणि तो बसायला तयार नसेल, तर हा सगळा खर्च वाचवून कँटीनच्या आमटीत जरा डाळ वाढवा. लोक त्याबद्दल जास्त दुवा देतील.